गाठ दिसली, पण गाठ कसली?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



समितीने मला "आरोग्यावर काहीतरी बोला" असे सांगितले. शुगर, बीपी, हार्टअटॅक यांवर आपण दरवर्षी ऐकता, आणि ते ऐकायलाच पाहिजे. पण मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कशाचा आहे हे सांगणारा माणूस. म्हणून आज जरा वेगळा विषय घेतला आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते, डॉक्टर मंडळी तिला पिट्युटरी म्हणतात. त्या जागेत ज्या क्वचित होणाऱ्या गाठी येतात, त्या ओळखायच्या कशा, हा तो विषय. "इतक्या क्वचित होणाऱ्या आजाराचं आम्हाला काय करायचं?" असं कुणी विचारील. त्याला उत्तर असं की, आजार क्वचित असला तरी त्याची पहिली खूण घरातच दिसते. रात्री चार वेळा उठून माठातलं पाणी पिणारं पोर आईला दिसतं, डॉक्टरला दिसत नाही.

आधी ही जागा कशी आहे ते सांगतो. नाकाच्या मुळापासून सरळ मागे गेलं की कवटीच्या तळाला हाडाचा एक खोलगट भाग लागतो. त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून त्याचं लॅटिन नावही 'तुर्की खोगीर' या अर्थाचंच आहे. त्या खोगिरात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी बसलेली असते. वरच्या मेंदूला ती एका बारीक देठाने लटकलेली असते. देठाच्या वर, अगदी जवळ, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि तिथे त्यांचे काही धागे एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या. एवढ्याशा जागेत इतकी गर्दी! त्यामुळे तिथे सुपारीएवढी गाठ झाली तरी कशाला ना कशाला धक्का लागतोच.

या ग्रंथीचे दोन भाग. पुढचा भाग स्वतः संप्रेरके तयार करतो. वाढीचं, दुधाचं, पाळीचं, थायरॉईडला चालना देणारं, आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला जागं ठेवणारं. मागचा भाग मात्र स्वतः काही बनवत नाही. लघवीचं पाणी शरीरात राखून ठेवणारं संप्रेरक वर मेंदूत, अधश्चेतकात तयार होतं आणि देठातून उतरून इथे साठवलं जातं. म्हणजे पुढचा भाग कारखाना आणि मागचा भाग नुसतं गोदाम. हा फरक कृपा करून ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता, या जागेत गाठ सापडली तर दहापैकी आठ-नऊ वेळा ती पुढच्या भागातल्या पेशींचीच, साधी, बहुधा कर्करोग नसलेली गाठ असते. तिला अ‍ॅडिनोमा म्हणतात. (२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गवारीत तिला 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' असं भारदस्त नाव मिळालं. रिपोर्टवर ते वाचून लोक घाबरतात. नाव बदललं म्हणून गाठ बदलली नाही.) उरलेल्या एक-दोन वेळा मात्र तिथे काय काय निघतं याची यादी सांगायची तर संध्याकाळ होईल. आणि खरी अडचण अशी की एमआरआयच्या फिल्मवर यातल्या पुष्कळ गाठी एकसारख्याच दिसतात. खोगिरातून वर आलेला एक गोळा, बस्स. रिपोर्टात लिहिलेलं असतं, "पिट्युटरी मॅक्रोअ‍ॅडिनोमाची शक्यता." शक्यता हा शब्द घरी येईपर्यंत गळून पडतो आणि पेशंट म्हणतो, मला मॅक्रोअ‍ॅडिनोमा आहे. माझ्या मते सगळा घोळ इथून सुरू होतो.

या नावावर उपचार अवलंबून आहेत. एक गाठ नाकाच्या वाटेने काढायची असते. ही वाट जुनी आहे, १९०७ साली इन्सब्रुकला श्लोफर या शल्यविशारदाने ती प्रथम वापरली. दुसरी गाठ नुसत्या गोळ्यांनी विरते. तिसरी शेकाने, म्हणजे रेडिएशनने, पुरती बरी होते. चौथी गाठ नसतेच, धमनीला आलेला फुगा असतो, आणि तिला सुई लावली तर माणूस टेबलावरच दगावेल. म्हणून शंका असेल तेव्हा ऑपरेशनच्या आधी रक्तवाहिन्यांचा वेगळा एमआरआय काढून घेतात. तो खर्च फुकट गेला असं कुणी समजू नये.

मोठ्या तपासण्यांच्या आधी दोन स्वस्त तपासण्यांबद्दल बोलतो. पहिली टीएसएच, म्हणजे थायरॉईडची. ज्या मुलाची किंवा बाईची थायरॉईड ग्रंथी बरीच वर्षे मंदावलेली आहे, तिची पीयूषिका बिचारी वरून हाका मारून मारून स्वतःच सुजते. एमआरआयवर ती सूज हुबेहूब गाठीसारखी दिसते. उंची खुंटलेली, सुस्त, तोंडावर सूज असलेली मुलगी आणि फिल्मवर 'ट्यूमर' असं पाहिलं की घरात रडारड होते. अशा वेळी टीएसएच खूप वाढलेलं निघालं तर थायरॉक्सिनची गोळी सुरू करतात, आणि काही महिन्यांत तो 'ट्यूमर' ओसरतो. ऑपरेशन तर नाहीच, उलट ऑपरेशन केलं तर चांगली ग्रंथी गमावली जाते.

दुसरी तपासणी प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध आणणाऱ्या संप्रेरकाची. पाळी बंद झाली, मूल नसताना छातीतून दूध येऊ लागलं, पुरुषाची इच्छा गेली, की ही करतात. आकडा दोनशे-अडीचशेच्या वर चांगलाच गेला तर ती बहुधा प्रोलॅक्टिन बनवणारीच गाठ. तिला कॅबरगोलिनच्या गोळ्या देतात आणि मोठमोठ्या गाठीही लहान होतात. पण आकडा थोडासाच वाढला असेल, शंभराच्या आतबाहेर, तर तो कुठल्याही गाठीने देठ दाबल्यामुळे वाढू शकतो. उलट्यांवर किंवा पित्तावर घेतलेल्या डॉमपेरिडोनच्या गोळीनेही वाढू शकतो. मानसिक आजारावरच्या कित्येक औषधांनीही वाढतो. तेव्हा डॉक्टरांपुढे बसताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, अगदी मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली सुद्धा. आणि एक गंमत, गाठ लिंबाएवढी आणि प्रोलॅक्टिन मात्र थोडंसंच, असं विचित्र दिसलं तर प्रयोगशाळेला तोच नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावायला सांगतात. कारण प्रोलॅक्टिन बेसुमार असलं की काही पद्धतींत यंत्र गुदमरतं आणि खोटा कमी आकडा देतं.

आता येतो तहानेकडे. मला खरं म्हणजे आज एवढंच सांगायचं होतं असं म्हटलं तरी चालेल.

मघाशी सांगितलेलं गोदाम आठवा. साधी अ‍ॅडिनोमा खालून, खोगिरातून हळूहळू वाढते. ती मागच्या भागाला दाबते, पण पाणी राखणारं संप्रेरक वर मेंदूत बनतच असतं आणि देठाच्या वरच्या टोकापासूनही रक्तात उतरू शकतं. त्यामुळे अ‍ॅडिनोमाच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी बेसुमार लघवी आणि बेसुमार तहान जवळजवळ कधीच होत नाही. मग ज्याला ती आहे, त्याची गाठ साधी नसण्याची शक्यता फार. तिचं मूळ देठात किंवा त्याच्याही वर आहे, असं समजून शोध घ्यावा लागतो. हजारो रुपयांच्या फिल्मपेक्षा हा एक प्रश्न जास्त सांगून जातो, "रात्री किती वेळा उठता? आणि उठल्यावर पाणी पिता का?"

या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, बिनसाखरेचा मधुमेह म्हणा. या नावाने फार नुकसान केलं. इस्पितळात दाखल झालेल्या पेशंटला साखरेचा मधुमेह समजून नुसतं शुगर तपासत बसायचं आणि त्याचं जीवनावश्यक औषध, डेस्मोप्रेसिन, द्यायचं राहून जायचं, असं जगभर घडलं. म्हणून २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याचं नावच बदललं, 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' असं ठेवलं. घरी ओळखायचं कसं? एक मापाचं भांडं घ्या आणि चोवीस तासांची लघवी मोजा. मोठ्या माणसाची तीन लिटरच्या वर गेली आणि शुगर नॉर्मल असेल तर डॉक्टरला तो आकडा सांगा. मात्र, मायबाप हो, "पाणी कमी दे म्हणजे लघवी कमी होईल" असा प्रयोग घरी करू नका. अशा मुलाचं पाणी तोडलं तर रक्तातलं मीठ वाढून ते बेशुद्ध पडतं. पाणी थांबवून करायची तपासणी असते, पण ती दवाखान्यात, डोळ्यांसमोर, दर तासाला वजन करून.

यात एक फसवी गोष्ट आहे. पुढचा भागही बंद पडून कॉर्टिसॉल कमी झालेलं असेल तर ही जादा लघवी झाकली जाते. स्टेरॉईड सुरू केलं की दुसऱ्या दिवशी बादल्या भरू लागतात. नातेवाईक म्हणतात गोळीने बिघडवलं. गोळीने बिघडवलेलं नसतं, लपलेलं उघडं पडलेलं असतं.

आता समजा, बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे. वर्षभर तहान, शाळेत सारखी बाथरूमला जाते म्हणून बाई रागावतात, उंची वाढेनाशी झाली, पाळी आलेली नाही. एमआरआय काढला तर गाठ नाहीच! फक्त दोन-तीन मिलिमीटरचा देठ थोडा जाड दिसतो, आणि मागच्या भागाचा जो पांढरा ठिपका फिल्मवर चमकायला हवा तो नाही. इथे "रिपोर्ट नॉर्मल, मनाचा खेळ आहे" म्हणून घरी पाठवलं तर घात होतो. कारण या वयात या जागी जर्मिनोमा नावाची गाठ होते, आणि तिची तहान गाठ दिसण्याच्या कित्येक महिने, कधी काही वर्षे आधी सुरू होते. म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा एमआरआय, पुन्हा एमआरआय, असा पाठपुरावा करावा लागतो. जपान आणि पूर्व आशियात ही गाठ पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते. आपल्याकडेही ती आहे.

ही ओळखण्यासाठी रक्तातली आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातली दोन द्रव्ये तपासतात, एएफपी आणि बीटा एचसीजी. दुसरं तेच, जे गरोदरपणाच्या पट्टीत तपासतात. कुमारवयीन पोरीची ही तपासणी लिहिली म्हणून आईबापांनी डॉक्टरवर संतापू नये, ती गाठीसाठी आहे. एएफपी वाढलेलं असेल तर ती जर्मिनोमा नव्हे, तिच्या घराण्यातली जास्त आडदांड गाठ आणि उपचार जास्त कडक. दोन्ही वाढलेली नसतील तर बारीक तुकडा काढून पाहावा लागतो. आणि जर्मिनोमा निघाली तर, हे मुद्दाम जोरात सांगतो, ती सगळी कापून काढायची गरज नसते. शेकाने, बहुधा जोडीला केमोथेरपी देऊन, ती वितळते आणि पाच वर्षांनंतर दहातली नऊहून जास्त मुलं हयात असतात. ओढून-ताणून सगळी काढायला गेलं तर डोळे जाण्याची भीती, आणि मिळवायचं काही नाही. गेलेलं संप्रेरक मात्र बहुधा परत येत नाही, डेस्मोप्रेसिन पुढेही घ्यावं लागतं.

तहान आणि जाड देठ मोठ्या माणसात दिसले तर विचार निराळा. पन्नाशीच्या बाईला पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता का? विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचा फोटो काढला का? स्तन आणि फुप्फुस या दोन ठिकाणचे कर्करोग इथे पसरण्यात पुढे असतात, आणि ते मागच्या भागात घर करतात, कारण त्या भागाला मोठ्या धमनीकडून थेट रक्त मिळतं. बाळंतपणाच्या सुमारास डोकं दुखून ग्रंथी सुजली तर ती गाठ नसून नुसता दाह असू शकतो. कर्करोगावरच्या नव्या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांनीही, उदाहरणार्थ इपिलिमुमॅबने, असा दाह होतो. आणि आपल्या देशात टीबी विसरून चालतच नाही. टीबीचा गोळा या खोगिरात बसतो, देठ जाड करतो, आणि टीबीच्या गोळ्यांनीच बरा होतो. हिस्टिओसायटोसिस नावाचा एक आजार आहे, त्यात देठाबरोबर कवटीच्या हाडाला भोक, कातडीवर पुरळ असंही सापडतं. म्हणून शहाणा डॉक्टर मेंदूतून तुकडा काढण्याआधी पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत तपासतो. कातडीतून तुकडा मिळत असेल तर मेंदूत कशाला शिरायचं?

आणखी एक. देठाचा आजार कळेना म्हणून आधीच स्टेरॉईड देऊन पाहू, असं काही वेळा केलं जातं. डोळे जात असतील तर इलाज नाही, द्यावंच लागतं. पण एरवी तुकड्याच्या आधी स्टेरॉईड दिलं की लिम्फोमासारखी गाठ तात्पुरती विरते, आणि मग तुकड्यात आम्हाला काही सापडत नाही.

आता माझ्या टेबलाकडे येतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण इथे शितंच मुळात तिळाएवढी येतात. पहिली साधी तपासणी गुलाबी-जांभळ्या रंगाची. दुसरी चांदीच्या रंगाची, रेटिक्युलिन. चांगल्या ग्रंथीत पेशींची छोटी छोटी घरं असतात आणि त्यांच्याभोवती काळ्या धाग्यांचं कुंपण असतं. अ‍ॅडिनोमात ते कुंपण मोडतं. नुसत्या सुजलेल्या ग्रंथीत घरं मोठी होतात, पण कुंपण शाबूत राहतं. ही तपासणी जुनी, स्वस्त, आणि नव्या यंत्रांच्या नादात अलीकडे विसरली जाते, याचं मला वाईट वाटतं.

मागच्या भागातून आणि देठातून निघणाऱ्या तीन फार विरळा गाठी आहेत. पिट्युसायटोमा, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर आणि स्पिंडल सेल ऑन्कोसायटोमा. ऑन्कोसायटोमाचं तर पहिलं वर्णनच २००२ सालचं. फिल्मवर या बऱ्याचदा अ‍ॅडिनोमासारख्या दिसतात. ऑपरेशनमध्ये सर्जन सुरी लावतो आणि रक्त थांबता थांबत नाही, तेव्हा शंका येते. तिन्हींच्या पेशींची केंद्रकं टीटीएफ-१ या रंगाला धरतात, यावरून त्या एकाच घराण्यातल्या आहेत असं आता मानतात. पण सावध! फुप्फुसाचा आणि थायरॉईडचा कर्करोगही याच रंगाला धरतो. एकाच रंगावर विसंबून "पिट्युसायटोमा" लिहून टाकायचं आणि छातीत कर्करोग वाढत राहायचा, असं होऊ शकतं. म्हणून चार-पाच रंग एकत्र लावतात आणि सर्जनला फोन करून विचारतात, पेशंटला तहान होती का, छातीचा फोटो कसा आहे. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर मात्र बहुतेक वेळा "एस.ओ.एल. सेला" एवढेच शब्द असतात.

शेवटी क्रॅनिओफॅरिंजिओमा. व्हिएन्नाच्या अर्डहाइमने १९०४ साली तिच्या पेशींचं मूळ दाखवलं. मुलांत होते ती जात बहुतेक पाण्याच्या पिशवीसारखी, आत इंजिन ऑईलसारखं काळपट द्रव, आणि चुन्याचे खडे. हे खडे एमआरआयपेक्षा साध्या सीटी स्कॅनवर चांगले दिसतात, म्हणून एमआरआय झाल्यावर पुन्हा सीटी लिहिला तर ती लुबाडणूक नव्हे. दुसरी, पॅपिलरी जात मोठ्या माणसांत होते. २०१४ साली असं सापडलं की या दुसऱ्या जातीच्या जवळपास सगळ्या गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच ठराविक बिघाड असतो. त्या बिघाडावर औषध होतंच, त्वचेच्या एका कर्करोगासाठी वापरलं जाणारं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा १६ रुग्णांना दोन औषधं एकत्र दिली, १५ जणांची गाठ आकसली, आणि ती सुद्धा मध्यमानाने ९१ टक्क्यांनी. सोळा हा आकडा लहान आहे, औषधं महाग आहेत, ताप आणि पुरळ येतात, हे सगळं खरं. पण ज्या गाठीच्या ऑपरेशनात डोळे आणि मेंदू दोन्ही पणाला लागायचे, तिला गोळी लागू पडते, ही आमच्या शास्त्रात लहान गोष्ट नाही.

यातून आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट निघते. तुकडा तपासल्यावर तो फेकत नाहीत. मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. वर्षानुवर्षे तो टिकतो आणि त्याच्यावर नंतर नवे रंग, नवी जनुकीय तपासणी करता येते. कुणाचं दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं असेल आणि गाठ पुन्हा वाढत असेल तर पुन्हा कवटी उघडण्याआधी तोच जुना ठोकळा काढून तपासता येतो. तो लेखी अर्ज देऊन मागता येतो. काचेच्या पट्ट्याही मागता येतात, आणि परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरं मत घेता येतं. सरकारी योजनेत कोणता खर्च बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. ठोकळा मात्र प्लास्टिकच्या डबीत, उन्हापासून लांब ठेवा. एसटीच्या खिडकीजवळ ठेवला तर मेण वितळतं.